कीबोर्डवरून उठलेली माणसं: फर्डिनांड मार्कोस कसा वर आला आणि कसा पडला

(हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना झालेलं अडखळणं आणि मधलं चहावालं प्रकरण काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

मागच्या एपिसोडखाली एका श्रोत्याने प्रश्न टाकला होता. ताई, हुकूमशहाच्या हातात लष्कर असतं, पोलीस असतात, पैसा असतो, टीव्ही असतो. मग तो पडतो कसा?

प्रश्न साधा आहे, पण मी आठवडाभर त्यावर अडकले होते. शेवटी ठरवलं की थिअरी नको, एक खरी गोष्ट घेऊ आणि अथपासून इतिपर्यंत नीट बघू. देश फिलिपिन्स, माणूस फर्डिनांड मार्कोस.

फिलिपिन्स आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही. तुमच्या ओळखीतलं कुणीतरी दवाओला एमबीबीएस करायला गेलं असेल. आणि १९८५ साली बाबा आमट्यांना जो मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो फिलिपिन्सचे एक राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे यांच्या नावाचा. हा पुरस्कार देणारी संस्था मनिलात आहे. बाबांना तो मिळाला तेव्हा त्या शहरात मार्कोसची वीस वर्षांची सत्ता चालू होती, आणि पुढच्या सहा महिन्यांत ती संपली.

मी ही गोष्ट निवडली त्याचं एक खासगी कारणही आहे. या गोष्टीत प्रोग्रामर आहेत. ते कुठे येतात ते बघूच.

हुशार पोरगा

मार्कोसचा जन्म १९१७ चा, उत्तरेकडच्या इलोकोस नोर्ते प्रांतातला. बाप राजकारणी. १९३५ मध्ये बाप निवडणूक हरला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ज्याने हरवलं त्या हुलियो नालुंदासान यांना त्यांच्या घरात रात्री कुणीतरी गोळी घातली. खुनाच्या आरोपाखाली जे पकडले गेले त्यात तरुण फर्डिनांड होता. तेव्हा तो कायदा शिकत होता आणि विद्यापीठाच्या रायफल टीममध्ये होता. खालच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं. हे प्रकरण चालू असतानाच पठ्ठ्या वकिलीच्या परीक्षेत देशात पहिला आला! मग सुप्रीम कोर्टात स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि १९४० मध्ये निर्दोष सुटला.

ही घटना लक्षात ठेवा. कायदा म्हणजे आपल्याला पाहिजे तिकडे वळवता येणारी वस्तू आहे, हे त्याने विशी-बाविशीतच बघितलं होतं.

दुसरं म्हणजे युद्ध. दुसऱ्या महायुद्धात आपण जपान्यांविरुद्ध मोठी गनिमी तुकडी चालवली, असं तो आयुष्यभर सांगत राहिला. पदकांची यादी एवढी लांब की छातीवर जागा पुरू नये. पुढे अमेरिकी लष्कराच्या जुन्या फायलींमध्ये सापडलं की त्याच्या तुकडीबद्दलचे दावे त्यांच्या अधिकाऱ्यांनी तेव्हाच खोटे ठरवले होते. पण ही बातमी छापून आली जानेवारी १९८६ मध्ये. तोवर या कथेवर त्याने अख्खं राजकारण उभं केलं होतं.

१९६५ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. रीतसर निवडणूक लढवून, मतं मिळवून. बहुतेकांना वाटतं हुकूमशहा म्हणजे रणगाड्यावर बसून येणारा माणूस. हा मतपेटीतून आला होता. सोबत बायको इमेल्डा, जी सभांमध्ये गाणं म्हणायची आणि लोक वेडे व्हायचे. रस्ते झाले, शाळा झाल्या. १९६९ मध्ये तो पुन्हा निवडून आला. सलग दुसरी पूर्ण टर्म मिळवणारा देशाचा पहिलाच राष्ट्राध्यक्ष. त्या निवडणुकीत सरकारी पैसा पाण्यासारखा ओतला गेला. बिल आलं काही महिन्यांत. तिजोरीत परकीय चलन उरलं नाही, पेसो घसरला, महागाई वाढली, विद्यार्थी रस्त्यावर आले.

आणि एक मोठी अडचण होती. राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाला फक्त दोन टर्म मिळायच्या. म्हणजे १९७३ च्या शेवटी खुर्ची सोडणं भाग.

एका रात्रीत

२१ सप्टेंबर १९७२ ही तारीख घातलेल्या एका कागदावर त्याने सही केली. घोषणापत्र क्रमांक १०८१. देशात मार्शल लॉ. कारण काय दिलं? कम्युनिस्ट बंडखोर, बॉम्बस्फोट, अराजक. स्फोट खरंच होत होते. आदल्या वर्षी मनिलाच्या प्लाझा मिरांडामध्ये विरोधी पक्षाच्या सभेत ग्रेनेड फुटून नऊ माणसं मेली होती. २२ तारखेच्या रात्री संरक्षणमंत्री एन्रिले यांच्या गाडीवर हल्ला झाल्याचं जाहीर झालं, आणि घोषणेला निमित्त मिळालं.

त्या रात्री सैनिक याद्या घेऊन फिरले. विरोधी पक्षाचे सर्वांत लोकप्रिय सिनेटर बेनिग्नो अकिनो, ज्यांना सगळे निनॉय म्हणायचे, त्यांना उचललं. होजे दिओक्नोंना उचललं. संपादक, पत्रकार, कामगार पुढारी, सगळे. वर्तमानपत्रांना आणि रेडिओ-टीव्ही स्टेशनांना टाळं. २३ तारखेच्या सकाळी लोकांनी रेडिओ लावला तर नुसती खरखर. संध्याकाळी मार्कोस टीव्हीवर आला आणि शांत आवाजात सांगितलं की हे लष्करी राज्य नाही, हे लोकशाही वाचवण्यासाठी आहे.

आपल्याकडची आणीबाणी जून १९७५ ची. म्हणजे हे त्याच्या पावणेतीन वर्षं आधीचं. आपली एकवीस महिन्यांत उठली. फिलिपिन्समध्ये मार्शल लॉ कागदोपत्री जानेवारी १९८१ पर्यंत चालला, आणि उठल्यावरही सगळे अधिकार मार्कोसकडेच राहिले.

या सगळ्याची पद्धत बघा. संसद बंद केली तीही हुकूम काढून. नवी राज्यघटना मंजूर केली तर म्हणे लोकांनीच मंजूर केली. कशी? जानेवारी १९७३ मध्ये गावोगावी, गल्लोगल्ली लोकांना गोळा करून हात वर करायला सांगितले. गुप्त मतदान नाही, मतपत्रिका नाही. कोण हात वर करत नाही हे बघायला सगळे समोरच उभे. सरकारी आकडा आला की ९० टक्क्यांहून जास्त लोक बाजूने आहेत. सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं. न्यायाधीशांनी एकीकडे म्हटलं की मंजुरीची पद्धत बरोबर नव्हती, आणि दुसरीकडे म्हटलं की नवी घटना अमलात यायला आता कसली आडकाठी उरलेली नाही. झालं.

म्हणजे बंदूक होतीच, पण रोजचा कारभार कागदावर चालायचा. प्रत्येक कागदाला सही लागते, सहीला टाइप करणारा लागतो, आकड्याला बेरीज करणारा लागतो. हा मुद्दा बाजूला ठेवा, परत येऊ.

लोकांनी सहन का केलं?

मला हा प्रश्न सगळ्यात प्रामाणिक वाटतो. सुरुवातीला बऱ्याच लोकांना बरं वाटलं होतं. आधीच्या काळात राजकारण्यांच्या खासगी फौजा असायच्या, रस्त्यावर बंदुका दिसायच्या. मार्शल लॉ आल्यावर लाखो बंदुका जमा झाल्या. रात्रीची संचारबंदी आली, गुन्हे कमी झाले. रस्ते स्वच्छ दिसायला लागले. परदेशी कंपन्या खूश, अमेरिका खूश. अमेरिकेचे क्लार्क आणि सुबिक हे दोन मोठे तळ तिथे होते. १९८१ मध्ये तर अमेरिकेचे उपाध्यक्ष बुश मनिलात येऊन मार्कोसच्या लोकशाहीनिष्ठेचं कौतुक करून गेले!

राजवटीने आपलं नाव ठेवलं होतं ‘नवा समाज’. आणि त्या नव्या समाजात काय काय धोकादायक होतं? एक कार्टून. व्होल्टेस फाइव्ह नावाची जपानी रोबोंची मालिका पोरांमध्ये तुफान चालली होती. १९७९ मध्ये शेवटचे थोडेच भाग राहिले असताना सरकारने ती बंद केली. हिंसक आहे म्हणून. त्या कथेचा शेवट जुलमी सम्राटाविरुद्धच्या बंडाचा होता. एक अख्खी पिढी शेवट न बघता मोठी झाली. आज त्यातले कित्येक लोक म्हणतात की राजकारणाचा पहिला राग त्यांना तेव्हा आला.

हे झालं हसण्यासारखं. आता दुसरी गोष्ट. १९७७ मध्ये आर्किमिडीज त्राहानो हा २१ वर्षांचा विद्यार्थी एका जाहीर कार्यक्रमात उभा राहिला. समोर राष्ट्राध्यक्षांची मुलगी इमी मार्कोस, सरकारी युवक संघटनेची प्रमुख. त्याने तिच्या त्या पदावर असण्याबद्दल प्रश्न विचारला. त्याला तिथून उचललं. नंतर त्याचं प्रेत मिळालं, अंगभर छळाच्या खुणा. पुढे अमेरिकेतल्या कोर्टाने त्याच्या आईच्या दाव्यात इमीला जबाबदार धरून भरपाई ठरवली. फिलिपिन्समध्ये मात्र तो निकाल समन्स बजावण्याच्या मुद्द्यावर लागू होऊ शकला नाही.

एका प्रश्नाची ही किंमत. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नावाने नेहमी दिले जाणारे आकडे असे: सुमारे ७० हजार लोक तुरुंगात, ३४ हजारांचा छळ, ३,२०० च्या वर ठार. दक्षिणेत मिंदानावमध्ये मोरो मुस्लिमांशी झालेल्या युद्धातले हजारो मृत्यू वेगळेच.

पैसा कुठे गेला?

कोकणातल्या श्रोत्यांना हा भाग लगेच कळेल. समजा तुम्ही सुकं खोबरं विकायला गेलात आणि सरकारने प्रत्येक विक्रीमागे काही रक्कम कापून घेतली. कारण काय, तर नारळ उत्पादकांच्या भल्यासाठी निधी. फिलिपिन्समध्ये लाखो नारळ शेतकऱ्यांकडून असा पैसा कापला गेला. त्यातून एक बँक विकत घेतली, कंपन्यांचे शेअर घेतले, आणि त्याचा ताबा मार्कोसच्या मित्राकडे, एदुआर्दो ‘दान्दिंग’ कोहुआंगको यांच्याकडे. साखरेचा व्यापार असाच दुसऱ्या मित्राकडे, रोबेर्तो बेनेदिक्तोंकडे. शेतकऱ्याला पावती मिळायची. पैसा नाही मिळाला. त्या पैशातून घेतलेल्या काही शेअरवर शेतकऱ्यांचा हक्क सांगणारा अंतिम निकाल यायला २०१२ साल उजाडलं.

दुसरं उदाहरण बातानचा अणुवीज प्रकल्प. अमेरिकेच्या वेस्टिंगहाऊस कंपनीला कंत्राट, मध्ये मार्कोसचा एक दोस्त दलाल, खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर. प्रकल्प बांधून झाला. त्यातून एक युनिटही वीज लोकांना मिळाली नाही. कर्ज मात्र देशाने २००७ पर्यंत फेडलं. म्हणजे मार्कोस मरून अठरा वर्षं झाली तरी हप्ते चालूच होते.

मार्कोस आला तेव्हा देशावरचं परदेशी कर्ज एक अब्ज डॉलरपेक्षा कमी होतं. गेला तेव्हा सुमारे २६ अब्ज.

आणि स्वतःचं? १९६८ मध्येच, म्हणजे मार्शल लॉच्याही चार वर्षं आधी, नवरा-बायकोने स्विस बँकेत ‘विल्यम सॉन्डर्स’ आणि ‘जेन रायन’ या खोट्या नावांनी खाती उघडली होती. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हिशोब मांडला. सत्तेच्या सगळ्या वर्षांत दोघांची कायदेशीर कमाई साधारण ३ लाख ४ हजार डॉलर. आणि ज्या स्विस ठेवींबद्दल खटला होता त्या ६५ कोटी ८० लाख डॉलरच्या. बस्स, एवढं गणित पुरे.

पहिली मोठी भेग

निनॉय अकिनो जवळपास आठ वर्षं तुरुंगात होते. लष्करी कोर्टाने फाशीसारखीच शिक्षा दिली होती, गोळ्या घालून ठार करण्याची. हृदयाचा आजार वाढल्यावर १९८० मध्ये त्यांना ऑपरेशनसाठी अमेरिकेला जाऊ दिलं. तिथे ते तीन वर्षं सुखाने राहू शकले असते. २१ ऑगस्ट १९८३ ला ते परत आले. मनिला विमानतळावर सैनिक विमानात चढले, त्यांना बाजूच्या जिन्याने खाली नेलं, आणि काही सेकंदांत गोळीचा आवाज आला. विमानात पत्रकार बसलेले होते.

हत्येचा आदेश नेमका कुणी दिला हे कोर्टात आजही सिद्ध झालेलं नाही. पण लोकांनी आपापला निष्कर्ष काढला. अंत्ययात्रेला लाखो लोक आले. यानंतर मध्यमवर्ग हलला. मकातीच्या ऑफिसांमधले टायवाले लोक टेलिफोन डिरेक्टरीची पिवळी पानं फाडून खिडक्यांतून खालच्या मोर्चावर उधळायला लागले, कारण पिवळा हा निनॉयच्या स्वागताचा रंग ठरला होता. भांडवल देशाबाहेर पळालं. सरकारला कर्जाचे हप्ते थांबवावे लागले. १९८४ आणि १९८५ अशी सलग दोन वर्षं अर्थव्यवस्था आकसली.

अमेरिकेचा दबाव वाढला. नोव्हेंबर १९८५ मध्ये मार्कोसने एका अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात अचानक जाहीर केलं की मी मुदतीआधी निवडणूक घेतो. त्याला वाटलं विरोधक विखुरलेले आहेत, आपण सहज जिंकू आणि अमेरिकेचं तोंड बंद होईल. डिसेंबरमध्ये अकिनो हत्येच्या खटल्यातले सगळे आरोपी, लष्करप्रमुख जनरल व्हेर यांच्यासकट, निर्दोष सुटले. त्यानंतर लगेच निनॉयच्या पत्नी कोराझॉन, म्हणजे कोरी, उमेदवारीला उभ्या राहिल्या. मार्कोस म्हणायचा, या बाईला कसला अनुभव? कोरी म्हणाल्या, खरं आहे, चोरीचा आणि खोटं बोलण्याचा मला अजिबात अनुभव नाही.

दोन मोजण्या

मतदान ७ फेब्रुवारी १९८६, शुक्रवार. आता इथे आमची जमात येते.

मोजणी दोन ठिकाणी चालू होती. एक सरकारी, निवडणूक आयोगाची, म्हणजे कोमेलेकची. दुसरी नामफ्रेल या नागरिकांच्या संघटनेची. तिचे स्वयंसेवक मतदान केंद्रांवर बसून निकालाच्या तक्त्याची प्रत घ्यायचे आणि ते आकडे मनिलातल्या एका शाळेच्या जिममध्ये मोठ्या फळ्यावर मांडायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच डेटाच्या दोन स्वतंत्र कॉपी. कुणी एकीत हात घातला तर दुसरीत दिसणार.

सरकारी मोजणी मनिलाच्या मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होती. कॉम्प्युटरवर आकडे भरणारी टीम सरकारी कॉम्प्युटर सेंटरची, त्यात बहुतेक तरुण मुली. मशीनमधून येणारी बेरीज एक आणि समोरच्या मोठ्या बोर्डवर लोकांना दाखवली जाणारी बेरीज वेगळी, हे त्यांच्या लक्षात आलं. कोरींचे आकडे बोर्डवर कमी दिसत होते.

आता विचार करा. तुम्ही पंचविशीतल्या आहात. सरकारी नोकरी आहे. हॉलमध्ये सैनिक आहेत, परदेशी पत्रकार आहेत. तुमच्या हातात प्रिंटआउट आहे आणि तो समोरच्या बोर्डशी जुळत नाहीये. बग असेल म्हणून सोडून देणं किती सोपं!

९ फेब्रुवारीच्या रात्री तीस-पस्तीस जण कीबोर्डवरून उठले आणि रांगेत बाहेर पडले. पुढे लिंडा कापुनान. काही जणी रडत होत्या. हातात प्रिंटआउट आणि डिस्क. तिथून त्या बाक्लारानच्या चर्चमध्ये गेल्या, आसऱ्यासाठी. पत्रकारांना त्यांनी सांगितलं की आम्ही राजकारण करत नाही, आमच्या कामाचे आकडे बदलले जाताहेत म्हणून उठलो.

एक गोष्ट लपवत नाही. लिंडा यांचे पती लष्करातल्या असंतुष्ट अधिकाऱ्यांच्या गटात होते. त्यामुळे हे सगळं ठरवून केलं, असं मार्कोसचे समर्थक म्हणत राहिले. पण बोर्डवरचे आकडे का जुळत नव्हते, याचं उत्तर काही त्यातून मिळत नाही.

सरकारी संसदेने १५ तारखेला निकाल लावला: मार्कोस १ कोटी ८ लाख, कोरी ९२ लाख ९० हजार. नामफ्रेलला सुमारे ७० टक्के केंद्रांचे आकडे मिळाले होते, त्यात कोरी ७८ लाख, मार्कोस ७० लाख. कॅथलिक बिशपांनी पत्रक काढलं की अशा फसवणुकीतून आलेल्या सरकारला नैतिक पाया नाही. कोरींनी लोकांना सांगितलं की मार्कोसच्या मित्रांच्या बँकांमधून पैसे काढा, त्यांचा माल घेऊ नका. लोकांनी ऐकलं.

चार दिवस

२२ फेब्रुवारी, शनिवार. आठवतोय तो संरक्षणमंत्री एन्रिले, ज्याच्या गाडीवर १९७२ मध्ये हल्ला झाला होता? त्याच्या गटाचा बंडाचा बेत फुटला होता आणि अटक होणार हे दिसत होतं. तो आणि जनरल फिडेल रामोस मनिलातल्या लष्करी छावणीत जाऊन बसले आणि जाहीर केलं की मार्कोस आमचा नेता नाही. त्याच वेळी एन्रिलेने सांगितलं की १९७२ चा तो हल्ला बनावट होता. पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्याने हे फिरवलं. थोडक्यात, हा काही संत माणूस नव्हता.

त्यांच्याकडे फक्त काही शे सैनिक होते. रात्री कार्डिनल सिन रेडिओ व्हेरितासवर बोलले: घराबाहेर पडा, या माणसांना जेवण न्या, त्यांना वाचवा. आणि लोक आले. छावण्यांच्या मधून जाणाऱ्या एडसा नावाच्या हमरस्त्यावर आधी हजारो, मग लाखो. दुसऱ्या दिवशी रणगाडे आले तेव्हा समोर जपमाळ घेतलेल्या नन, आया, कॉलेजची पोरं, सँडविचचे डबे. रणगाडे थांबले. ते थांबले कारण आत बसलेल्या सैनिकांनी माणसांवरून गाडी घातली नाही.

२४ तारखेला हेलिकॉप्टरच्या एका तुकडीला बंडखोरांकडे पाठवलं. ती छावणीत उतरली आणि वैमानिक बंडखोरांना जाऊन मिळाले. त्या सकाळी टीव्हीवर देशाने एक अजब दृश्य बघितलं. जनरल व्हेर हल्ल्याची परवानगी मागतोय, मार्कोस कॅमेऱ्यासमोर नको म्हणतोय. आणि त्याच सकाळी, मार्कोस बोलत असतानाच पडदा काळा झाला. स्टेशन बंडखोरांच्या ताब्यात गेलं होतं. ज्याने १९७२ मध्ये एका रात्रीत सगळ्यांचे आवाज बंद केले, त्याचा आवाज वाक्याच्या मध्येच बंद झाला.

२५ फेब्रुवारीला देशात दोन शपथविधी झाले. सकाळी कोरींचा, दुपारी मार्कोसचा. आदल्या रात्री उशिरा त्याने अमेरिकी सिनेटर पॉल लॅक्साल्ट यांना फोनवर विचारलं होतं, मी काय करू? सल्ला मिळाला होता की आता सोडा. रात्री नऊच्या सुमारास अमेरिकी हेलिकॉप्टरनी कुटुंबाला राजवाड्यातून उचललं. पुढे हवाई. लोक राजवाड्यात शिरले तेव्हा त्यांना इमेल्डाचे हजाराहून जास्त जोड बूट-चपला सापडल्या. मार्कोस १९८९ मध्ये होनोलुलूत मेला.

नंतरचं

इथे संपवलं असतं तर गोष्ट गोड झाली असती. १९८७ च्या नव्या घटनेत राष्ट्राध्यक्षाला एकच सहा वर्षांची टर्म ठेवली. लुटीचा पैसा शोधायला आयोग नेमला. पाच ते दहा अब्ज डॉलरचा अंदाज होता, हाती लागला त्यातला काही भाग. २०१३ मध्ये कायदा करून छळ झालेल्यांना भरपाई द्यायचं ठरलं आणि ११,१०३ जणांची नावं अधिकृतपणे नोंदली गेली. चाळीस वर्षं उलटली होती. कित्येक जण तोवर गेले होते.

दरम्यान मार्कोस कुटुंब १९९१ मध्येच देशात परतलं, निवडून येत राहिलं. २०१६ मध्ये मार्कोसचं शव वीरांच्या स्मशानभूमीत पुरलं गेलं. आणि मे २०२२ मध्ये त्याचा मुलगा बाँगबाँग ३ कोटी १६ लाख मतांनी राष्ट्राध्यक्ष झाला. मतदारांपैकी बहुतेकांनी मार्शल लॉ पाहिलाच नव्हता. त्यांनी पाहिले होते यूट्यूब आणि टिकटॉकवरचे व्हिडिओ, ज्यांत तो काळ सुवर्णकाळ होता. गरिबी हटली नाही, जमिनी मोजक्या घराण्यांकडेच राहिल्या, हा रागही त्या मतांत होता. नुसतं ‘लोक फसले’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे

हुकूमशहा पडतो कसा? या गोष्टीत मला तरी असं दिसतं की त्याची ताकद त्याच्या अंगात नसते. ती वाटलेली असते. आकडे भरणारीकडे थोडी, वैमानिकाकडे थोडी, रणगाड्यातल्या पोराकडे थोडी, बँकेत पैसे ठेवणाऱ्याकडे थोडी. चौदा वर्षं ही सगळी माणसं आपापलं काम करत होती म्हणून ते चाललं. फेब्रुवारी १९८६ मध्ये एकेक जण थांबला. कर्ज, अमेरिका, चर्च, लष्करातली भांडणं, ही कारणं खरी आहेतच. पण त्या सगळ्याचा शेवट कुणीतरी आपलं रोजचं काम करायला नाही म्हणण्यात झाला.

आता ते खासगी कारण. आधीच्या एका नोकरीत, डेमोच्या आदल्या दिवशी, मला सांगितलं होतं की डॅशबोर्डवर फेल झालेल्या नोंदी ‘प्रलंबित’मध्ये टाक, म्हणजे टक्केवारी चांगली दिसेल. सोमवारी परत नीट करू. एका ओळीचा बदल, पाच मिनिटांचं काम. मी केला. सोमवार आला नाही. कुणी मेलं नाही, कुठलं सरकार पडलं नाही. पण लिंडा कापुनानच्या टीमबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यांचा अभिमान वगैरे वाटायच्या आधी ती एक ओळ आठवली. माझ्यासमोर सैनिक नव्हते. तरी मी उठले नाही.

म्हणून श्रोत्याला माझं उत्तर एवढंच. तो पडतो कसा हे फेब्रुवारीत दिसतं. तो टिकतो कसा हे बघायचं असेल तर आधीची चौदा वर्षं बघ. आणि जमलं तर आपलं ऑफिसही.

तुमच्यावर कधी असा आकडा ‘नीट करायची’ वेळ आली आहे का? काय केलंत? लिहून पाठवा. नावं देऊ नका, गोष्ट द्या. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला दोन-तीन वाचून दाखवेन.

चला, भेटू पुढच्या रविवारी. तोवर काळजी घ्या.